फुली मारलेला ओंडका

दिवा राहू दे तसाच, जरा जवळ सरका. हे माझ्या ओळखीच्या एका लाकूडवाल्याचं आहे. त्याने स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना समोरचा चहा निवून गेला तरी घोट घेतला नाही.

बुधवार होता. रात्रीचे सव्वाअकरा. वारा सुटला म्हणून तो वखारीत फळ्यांवर ताडपत्री टाकायला निघाला. ओल्या फळीला वारा लागला की ती तडकते. चांगलं चार बोटं जाडीचं लाकूड सकाळपर्यंत जळणात जातं.

फळ्या त्याच्या दाजींनी पाडलेल्या. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. चेनसॉने अख्खा ओंडका उभा चिरायचे, आणि फळी अशी सपाट की रंधा मारणाऱ्याने रुसून बसावं. त्यांचा एक नियम होता. घरालगतचं जुनं झाड खिळे, कड्या गिळून बसलेलं असतं, वरून काही दिसत नाही. म्हणून मेहुण्याने, म्हणजे या लाकूडवाल्याने, आधी धातू शोधायचं यंत्र ओंडक्यावरून फिरवायचं. ते गप्प राहिलं, तरच टोकावर खडूची फुली मारायची. फुली दिसली की दाजी बिनघोर साखळी टेकवायचे. म्हणायचे, बायकोपेक्षा तिच्या भावावर माझा जास्त भरवसा. बहीण म्हणायची, मग जेवायलाही त्याच्याकडेच जा.

त्या बुधवारच्या तीन आठवडे आधी एका लाल लाकडाच्या ओंडक्यावर यंत्र वाजलं. एकदाच. ओंडका बाद केला असता तर मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं असतं. मेहुण्याने फुली मारली.

पाचव्या फळीला साखळी आतल्या कडीवर आदळली. तुटली, ती थेट दाजींच्या गळ्यात.

पुढचं ऐका. त्याने सगळ्यांना सांगितलं की दाजींनीच घाईघाईत फुली मारून घेतली. बहिणीलाही तेच. मीसुद्धा चार दुकानांत बोलत फिरलो, एवढा जाणता माणूस आणि असा निष्काळजी कसा. मेलेल्या माणसाचं नाव मी माझ्या तोंडाने खराब केलं. ते अजून सलतं.

तर तो फाटकाशी पोचला. आत चेनसॉ चालू होती.

नुसती फिरत नव्हती. लाकडात शिरली की तिचा आवाज जड होतो. तसा आवाज. आणि चेनसॉ तर त्याच्या घरी, कपाटात होती... साखळीशिवाय.

"दाजी?"

आवाज थांबला.

मग अगदी कानाशी, नेहमीच्या शांत स्वरात,

"फुली कोणी मारली?"

तिथे ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. खरं बोलला असता तर काय गेलं असतं?

"तुम्हीच मारलीत, दाजी."

...

पावलं त्याच्या शेजारून गेली. फाटकाबाहेर. बहिणीच्या घराच्या दिशेने.

तो धावला. दार सताड उघडं. दिवा चालू. बहीण उभी. रडत नव्हती.

"यंत्र वाजलं होतं ना रे?"

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याची मान खाली गेली. दाजींच्या खुर्चीपाशी, फरशीवर, ओंजळभर लाल भुसा. त्याच ओंडक्याचा. तीन आठवड्यांत वखारीत कोणी लाकडाला हात लावला नव्हता.

त्याने वाकून बोटं टेकवली...

भुसा अजून कोमट होता.