अंकुशरावाची जागा

तीन वर्षांपूर्वीची पौष अमावस्या. रात्री वीज गेली आणि आमचा अंकुशराव पाटील कोळशाची शेगडी घेऊन शाळेकडे निघाला. दिवे विझले की कोंबडीची पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात अन् गुदमरून मरतात. नवी पिल्लं कालच आली होती.

शाळेत पिल्लं कामून, असं विचाराल. खटकचिंचोळीच्या पुढच्या फाट्यावरची आपली मराठी शाळा, पोरांनो. पोरं कन्नड-इंग्रजीकडे गेली, ही बंद पडली. मग तिथं कडबा भरला, मग पत्त्यांचा अड्डा झाला, शेवटी अंकुशरावनं भाड्यानं घेऊन कोंबड्या घातल्या. तो स्वतः तिथंच चौथीपर्यंत शिकलेला! फळ्याखाली विष्ठेचा थर, डोळे झोंबतील असा वास. मेलेली पिल्लं तो, पूर्वी पोरं पाणी प्यायची त्या हौदात फेकायचा. मला तर त्याच्या घरचा चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही.

संघपालच्या पोरीनं, प्रेरणानं, गल्लीतल्या पोरांना अभ्यासाला एक खोली मागितली, तर हा म्हणाला, "माझ्या पिल्लायलाच जागा पुरंना. तुमच्या पोरायला कुठं बसवू?"

तर त्या अमावस्येला त्यानं दार उघडलं. चिवचिव नाही. बॅटरी मारली. सगळी पिल्लं मागच्या भिंतीला चिकटलेली. जिवंत. गप्प.

आणि मोकळ्या जमिनीवरून आवाज... ओलं काहीतरी फासल्याचा. चहूकडून.

तो आवाज त्याला ओळखू आला. आमच्या वेळी दर शनिवारी ज्यानं त्यानं आपली बसायची जागा शेणानं सारवायची, असा नेम होता. अंकुशराव पडला पाटलाचा पोरगा, त्याला शेणाची किळस. त्याची जागा सारवायचा रामराव, या प्रेरणाचा आजा. तो वारला त्याला वर्षं झाली.

बॅटरी विझली. आवाज जवळ आला. पायाशी आला. थांबला...

"अंकुश," एक पोरगं हळूच म्हणालं, "आता तुझी तू सारव."

शेगडी तिथंच टाकून तो पळाला. सकाळी आम्हाला घेऊन गेला. अख्खा वर्ग सारवलेला, लहान बोटांचे फराटे अजून ओले. फक्त खिडकीखाली, एक पोरगं मांडी घालून बसेल एवढी जागा तशीच घाण. ती त्याची.

त्यानं पिल्लं हलवली, खोली प्रेरणाला दिली. पोरं आता तिथं अभ्यास करतात. ती जागा अंकुशराव रोज सकाळी गुडघे टेकून स्वतः सारवतो. तीन वर्षांत शाळेत कोंबडीचं एक पीस आलेलं नाही.

अन् रोज सकाळी, तेवढ्याच जागेवर, विष्ठा असते... हात लावला तर कोमट.