जास्तीची कड

सुविधा कुठलाच फोटो पूर्ण टाकत नसे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना तिला गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या रानांत साप-बेडूक टिपायचा नाद लागला होता. पण इंटरनेटवर चढवायचा तो चारही कडा कापूनच. उद्या कुणी फोटो चोरला, तर कापलेल्या कडा फक्त तिच्याजवळ. ज्याच्याकडे मोठी फ्रेम, त्याचा फोटो. साधा हिशेब.

कारापूरच्या देवराईतला चापडा तिनं असाच टाकला होता. वेलीला वेटोळं घातलेला हिरवागार साप, डोक्यावर दवाचे थेंब. एका निसर्गसंस्थेनं तो कॅलेंडरसाठी निवडला. तिचं नाव पहिल्यांदाच कुठं छापून येणार होतं. मग संस्थेच्या अर्चनाताईंचा फोन आला.

"हाच फोटो इंटरनेटवर दुसऱ्या एका पानावर दिसतोय गं. नक्की तुझाच ना?"

त्या पानाला नाव नव्हतं. एकच फोटो. तोच चापडा, तेच थेंब. सुविधानं आपली मूळ फाइल उघडून शेजारी लावली आणि तिचा हात माउसवरच थांबला.

चोराची फ्रेम मोठी होती. तिची मूळ फाइल डावीकडे जिथं संपत होती, त्याच्या पलीकडे चोराच्या फोटोत आणखी बोटभर रान होतं. त्यात एक दगड, फुलं वाहिलेला.

कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते कुणाकडे कसं असेल? त्या सकाळी सोबत फक्त निहार होता. शाळेपासूनचा मित्र. मोरजीतल्या एका होमस्टेच्या जाहिरातीचं काम तो बघायचा, त्यामुळे फोटोंना कायम हपापलेला.

"माझ्या आडून मोबाइलवर काढलास ना?" तिनं फोनवर विचारलं.

"मी? गो, तुजो साप घेवन मी काय करू, लोणचा घालू?"

तिला हसू आलं नाही. दोन्ही फोटो ज्या साइटवर होते, तिच्याकडे तिनं मूळ फाइल जोडून तक्रार केली. उत्तर आलं: समोरच्या पक्षाने अधिक पूर्ण मूळ सादर केले आहे, आपला फोटो साइटवरून काढून टाकण्यात येत आहे.

तिनं ते पान पुन्हा उघडलं. फ्रेम आणखी वाढली होती. दगडाशेजारी आता निहार उभा होता. हात जोडलेले, ओठ अर्धवट उघडे.

दुपारी तो घरी आला तेव्हा तिनं काही न बोलता लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. त्याचा चेहरा उतरला.

"काय पुटपुटत होतास?"

"गाऱ्हाणा घालीत होतंय." तो खाली बघत म्हणाला. "राईतला पानसुद्दा त्या दगडातल्या राखणदाराक विचारल्याबगर न्हेनत नाय. तू काय विचारूक नाय. म्हणान मी..."

"काय सांगितलंस त्याला?"

"ह्या चेडूवान हंयसून काय न्हेला, ता सगळा तुजाच. आमचा काय नाय."

"माझा फोटो देऊन टाकलास? मला न विचारता?"

"भियालंय गो."

इतकी वर्षं हा आपल्या बाजूचा, असं ती धरून चालली होती. तिनं पान परत उघडलं.

फ्रेम आता उजवीकडे वाढली होती. साप होता तिथंच, होता तेवढाच. कोपऱ्यात निळ्या शर्टाचा खांदा, मानेवर सुटलेली बट, डोळ्याला लावलेला कॅमेरा.

ती स्वतः.

फोटो तिच्या मागून काढलेला होता.

आणि त्यातला निहार सापाकडे बघत नव्हता. दगडाकडेही नाही. तिच्या खांद्याच्या थोडं वर बघत होता.

"कोणाकडे बघत होतास, निहार?"



त्याची नजर लॅपटॉपवरून उठली. तिच्या चेहऱ्यावर न थांबता खांद्यापाशी गेली. मग थोडी वर.

त्यानं हळूच हात जोडले.