न सुटलेला कौल

रूपाच्या पिशवीत त्या मंगळवारी नेहमीच्याच दोन वस्तू होत्या. आईच्या बीपीच्या गोळ्या आणि रानजाई देवीला नारळ. लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात ती नर्स होती. सुट्टी मिळाली की औंढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीवर जायचं, गोळ्या आईच्या हातात द्यायच्या आणि नारळ देवीपुढं फोडायचा, हा तिचा नेम. बरोबरच्या पोरी चिडवायच्या, "काय गं, आधी गोळी का आधी नारळ?" ही म्हणायची, "गोळी पाण्याबरोबर, नारळ देवीबरोबर. तुमच्या पोटात का दुखतंय?"

बाई तोंडाची फटकळ, पण देव न मानणारी नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं तिनं जे केलं ते न मानणारीला जमलंच नसतं. न मानणारी बाई दगडाशी कशाला भांडेल? भांडण होतं ते आपल्या माणसाशी.

श्रावण सरत आला होता आणि धुकं असं उतरलं होतं की भर दुपारी निलेशनं जीपचे दिवे लावले होते. निलेश त्याच वाडीतला, जीप चालवणारा पोरगा. रस्ता संपतो तिथं त्यानं तिला सोडलं. पुढं पायवाट. नेहमी वाडीतली कुत्री तिला अर्ध्या वाटेत सामोरी यायची. आज एकही आलं नाही.

दारात आई बसली होती, बाया. लेक दिसल्यावर तिनं कपाळावर थाप मारून घेतली.

"फोन लावून लावून थकले गं… लागंना. आपला उमेश…"

उमेश म्हणजे रूपाचा धाकटा भाऊ, उर्स्याच्या टोलनाक्यावर कामाला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. काल खाल्लेलं बाधलं असेल असं सगळ्यांना वाटलं. मग त्याच्या पापण्या उचलेनात, बोलणं नाकात यायला लागलं, आणि पांघरूण झटकलं तर त्यातून काळं, पांढऱ्या पट्ट्याचं जनावर निघालं.

"मण्यार!" रूपा ओरडली. "आन् त्यो हाय कुटं?"

"तुज्या आबानं देवीपुढं नेलाय. खाली न्यायचं का म्हनून कौल लावलाय… अजून सुटंना."

कौल लावायचा म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आणि सुटेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. उठलं तर देवी मागं येते, असं वाडीत सांगत.

रूपानं वरूनच निलेशला हाक मारली, "जीप फिरवून उभी कर!" आणि देवीच्या राईकडं धावत सुटली.

राईत शिरलं की बाहेरचा आवाज मागंच राहतो. वारा नव्हता, तरी पानांवरून पाणी ठिबकत होतं. ओल्या दगडाचा, जळक्या तेलाचा, शेंदराचा वास धुक्यात साकळून राहिला होता. देवीपुढं तिचे वडील शिदू बसले होते. शेजारी वाडीतला केरबा, आणि मध्ये घोंगडीवर उमेश. देवीच्या खांद्यांवर तेरड्याची दोन गुलाबी फुलं. सकाळपासून चिकटलेली, दोन्ही जशीच्या तशी.

रूपानं गुडघे टेकून त्याची पापणी वर केली. आतून त्याची नजर तिला बघत होती. म्हणजे त्याला सगळं कळत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. छाती जेमतेम हलत होती.

"आबा, उचला त्याला. खाली औषद हाय ह्याच्यावर."

"कौल सुटू दे."

"तवर श्वास सुटंल त्याचा!"

शिदूंनी मान वर केली नाही. "माझा थोरला भाऊ कोंडाजी… असाच उठला हुता मधनंच. वाटंतच घावला आमाला. तोंड मागं फिरल्यालं हुतं त्याचं… आन् डोळं उघडं." आवाज खाली गेला. "मला लेक नको झालाय का, रूपे? पन माज्या अंगात ताकद न्हाई गं…"

बापाला असं बसलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. ती उठली आणि थेट देवीसमोर उभी राहिली.

"रानजाये, पोरगी हुते तवापास्नं तुज्या पायावर डोकं ठिवतीया. तुला मानते म्हनून इचारते. ज्यानं घोड्याच्या रगतातनं ह्या इखावरचं औषद काडलं, त्याला डोकं कुनी दिलं? तूच ना? मंग तूच दिल्याली वाट तूच कशापायी अडवून बसलीस?"

"रूपे, जीभ आवर…" केरबा पुटपुटला.

ती थांबली. खरंच, उत्तराची वाट बघितली तिनं. पान हललं नाही. उमेशच्या घशात मात्र घरघर सुरू झाली.

"देत न्हाईस? मंग मी घेते."

आणि तिनं हात लांब करून देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल काढून घेतलं.

कौलाला हात कुणी लावत नाही. वाडी वसल्यापासून कुणी लावला नव्हता. केरबाची तर पाचावर धारण बसली. रूपाच्या अंगावरही सर्रकन काटा आला, पण त्याचं कारण निराळं होतं. फुलाखालचा दगड गार असायला हवा होता. तो ताप चढलेल्याच्या कपाळासारखा गरम होता.

तिनं कुणाला सांगितलं नाही. फूल उमेशच्या खिशात घातलं आणि घोंगडीची टोकं बांबूला बांधायला घेतली. "आबा, तुमाला भ्या वाटत आसंल तर बसा. मी आन् केरबाभाऊ नेतो."

शिदू उठले. "बाप हाय मी त्याचा," एवढंच म्हणाले आणि बांबूचं मागचं टोक त्यांनी खांद्यावर घेतलं, पुढचं केरबानं.

राईच्या बाहेर पडले आणि मागून आवाज यायला लागला. चिखलात अनवाणी पाय पडावा तसा. चप… चप… ही माणसं थांबली की तो थांबायचा. चालली की चालायचा. शेंदराचा वास राईतच राहायला हवा होता, तो उतरणीवरही नाकात येत होता.

"रूपे…" शिदूंचा श्वास लागला होता. "आली गं ती… माज्या मानंवर वारा लागतोय…"

"मागं बगू नका, आबा."

"हाक मारतीया… कोंडाजीच्या आवाजात…"

"मारू द्या! तुमचा लेक म्होरं हाय, म्होरं बगा!"

भीती तिलाही वाटत होती. पण पोटच्या पोरासारखा सांभाळलेला भाऊ, तो असा कुणाच्या हवाली करायचा? आता तिनं जे केलं त्याला कुणी हात दाखवून अवलक्षण म्हणेल. म्हणो. एक हात उमेशच्या छातीवर ठेवून, मान न वळवता, ती मोठ्यानं म्हणाली,

"मागनं कशाला येतीस चोरावानी? यायचं तर उजळ माथ्यानं दवाखान्यात ये. त्याच्या उशाशी बस. औषदाला तुझं वावडं न्हाई आन् तुला औषदाचं नसावं. पन ऐकून ठिव, बसायला बोलावतीया, न्यायला न्हाई!"

मागची पावलं थांबली. जीपपर्यंत पुन्हा आली नाहीत.

लोणावळ्याला रूपाच्याच दवाखान्याच्या दारात उमेशचा श्वास थांबला. त्याला आत घेतलं, घशात नळी घातली, श्वासाचं मशीन लावलं, सलाईनमधून औषध सुरू झालं. कपडे बदलताना डॉक्टर संदेशना ते फूल सापडलं.

"सिस्टर, हे काय? तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा," रूपा म्हणाली. "विषावरचं औषध तुम्ही दिलंत ना? त्यात मी आडवी आले का? मग फुलाच्या आड तुम्ही येऊ नका."

डॉक्टरांनी फूल एका स्वच्छ पिशवीत घालून पिशवी तिच्या हातात दिली. "औषध दिलंय. आता वाट बघायची. हाताची बोटं हलवली त्यानं, तर परत यायला लागला समजा."

शिदूंनाही आत घेतलं, पण आधी दाराजवळच्या बेसिनवर साबणानं हात धुवायला लावले. त्या खोलीत कुणीही आलं तरी त्याला ते चुकत नाही. लेकाच्या कपाळावरून हात फिरवून ते बाहेर गेले, बाकावर बसून राहिले.

बाहेर संध्याकाळ झाली. काचेला धुकं टेकलं होतं. रूपा स्टुलावर बसून उमेशचा हात हातात घेऊन होती. मशीन त्याची छाती वर करत होतं, खाली सोडत होतं. खोलीत तिच्याखेरीज जागं कुणी नव्हतं.

पाठीमागं बेसिनचा नळ सुटला.

डॉक्टर असतील, असं तिला वाटलं. पण दार उघडल्याचा आवाज आला नव्हता. नळ बराच वेळ वाहत राहिला, घाई नसलेल्या माणसानं कोपरापर्यंत हात धुवावेत तसा. मग बंद झाला. तिनं तिरक्या नजरेनं समोरच्या काचेत बघितलं. बेसिन दिसत होतं. त्याच्या पांढऱ्या कडेवरून शेंदरी ओघळ खाली उतरत होता. बेसिनपाशी कुणी नव्हतं.

चप… चप… फरशीवरून पावलं निघाली. कॉटच्या पायथ्याशी थोडी थांबली. मग कडेकडेनं उशाकडं आली.

रूपा उठली नाही. तिनं उमेशचा हात आणखी घट्ट धरला. "आलीस… बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "पन त्यो माज्या हातात हाय. सोडवून घेता आला, तर घे."

तेवढ्यात तिच्या मुठीत उमेशचं बोट हललं. मग दुसरं. मग त्यानं तिचा अंगठा दाबला, क्षीण, पण स्वतःच्या जोरानं. रूपाला हुंदका फुटला. "आबा!" म्हणून ती हाक मारणार, तोच तिच्या खांद्यावर मागून एक हात येऊन ठेपला.

तो जड होता, ओला होता, आणि त्याला दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता.