डोकरीचा होकार

नजीर शेठ लाकडाचा व्यापारी. बोलायला इतका गोड की मुंगीच्या तोंडचा दाणा सोडवील. १९३१ च्या माघात नवापूरच्या एका तेल्याला तेलाच्या घाण्यासाठी चिंचेचं जाड खोड हवं होतं, आणि तसं खोड डोंगराखालच्या माळावर एकच उभं होतं. आज्या-पणज्याच्या काळी तिथं पलटणीनं भिल्लांवर बंदुका झाडल्या होत्या. सारं रान जळालं, ही म्हातारी चिंच, सगळ्यांची डोकरी, तेवढी उरली.

लाकूडतोड्या बुध्या कुऱ्हाड घेऊन आला, पण त्याची रीत ठरलेली. कुऱ्हाड खोडाला टेकवायची, सगळ्यांनी नाल्यावर पाणी पिऊन यायचं. परतल्यावर कुऱ्हाड उभी दिसली तर झाडाचा होकार. पडलेली दिसली तर पानालाही हात लावायचा नाही.

"चला शेठ, तुम्ही बी."

"तू व्हय पुढे, भाऊ. मन्हा पाय दुखी ऱ्हायना."

भर दुपार. वारा नाही, पाखरू नाही. नजीरनं खोडाला पाठ टेकली, तोच कुऱ्हाड पडली. त्यानं उभी केली. पुन्हा पडली... तिसऱ्यांदा त्यानं पात्याला दगडाची उटी लावून टेकू दिला आणि वर पाचोळा लोटला.

बुध्या आला तो हसतच. "हा म्हनस डोकरी!"

पहिला घाव छातीच्या उंचीवर बसला आणि पातं कशात तरी रुतलं. फटीत शिशाची गोळी होती. बुध्यानं बोट लावून झटकन मागे घेतलं.

"तपेल शे, शेठ..."

बंदुकीच्या दारूचा वास सुटला. दुसऱ्या घावाला बुध्यानं छाती धरली. "कोन ठोकी ऱ्हायना माले?"

"ऊन लागनं व्हई," नजीर म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे तेल्याचा घाणाच होता.

तिसऱ्या घावाला बुध्या गुडघ्यांवर आला. ओठ काळेनिळे. तरी हात कुऱ्हाडीकडेच. "डोकरी हा म्हनी ना... मंग मी मरस कसाले?"

"थांब, बुध्या! उटी मी लावेल शे. ती दोनदा नही म्हनी..."

बुध्याचा श्वास मोकळा झाला. मग त्यानं गोळीसकट घावात चिखल लिंपला आणि कुऱ्हाड तिथंच टाकून निघून गेला.

घरी नजीरनं कोट उतरवला. कोट शाबूत, अंगावर ओरखडा नाही. मधल्या सदऱ्याला मात्र डाव्या बाजूला करपलेलं गोल भोक. बायको शहाबानोनं त्याच रात्री रफू केलं.

सकाळी खुंटीवरून सदरा काढताना ती थबकली. टाके उसवले नव्हते, जळले होते. कडा अजून कोमट होत्या.