विमान कोणी उतरवलं

इस्त्री जागेवर नाही म्हटल्यावर थोरल्याच्या बायकोने शोधाशोध केली नाही. ती सरळ मागच्या खोलीत गेली. नवरा टेबलावर वाकून तिच्या इस्त्रीने विमानाच्या पंखावर पिवळं प्लॅस्टिकचं आवरण चिकटवत होता.

"वा! घरातली माणसं चुरगळलेली आणि विमान कडक इस्त्रीत."

"डावा पंख तेवढा राहिलाय गं."

"संसारात एवढा जीव ओतला असतात, तर घराला पंख फुटले असते," ती म्हणाली. पण गेली नाही. खुर्ची ओढून पंखाचं दुसरं टोक धरून बसली.

विमान कुणासाठी चाललंय ते तिला माहीत होतं.

थोरल्याचं चष्म्यांचं दुकान होतं. धाकटा भाऊ खरी विमानं उडवायचा. एकदा तो सहज दुकानात डोकावला आणि म्हणाला, "दादा, हल्ली दाराला सारखा खांदा आपटतो रे." थोरल्याने त्याला यंत्रासमोर बसवलं. "कडेला दिवा दिसला की सांग." दिवे लागत गेले, विझत गेले. धाकटा शहाण्या मुलासारखा बसून राहिला, पहिला दिवा लागायची वाट बघत. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. समोरचं लख्ख, कडेचं सगळं गेलेलं. नळीतून बघावं तसं. विमान उडवणं सुटलं. धाकटा थोरल्याकडे येत राहिला, पण बोलायचा ते फक्त पाऊसपाण्याचं.

म्हणून थोरल्याने हे रिमोटवरचं विमान काढलं. तयार संच आणला नाही. स्वतः नकाशा आखला, बाल्साच्या पातळ फळ्यांतून पंखांच्या फासळ्या कापल्या, पोटाचा सांगाडा जुळवला. हे लाकूड इतकं हलकं की शिंक आली तरी तुकडे टेबलावरून उडायचे. धाकटा आधी दारात उभा राहून बघायचा. मग एकदा त्याच्याच्याने राहवलं नाही.

"पंख थोडा मागे घे, दादा. शेपटी जड होईल."

"मग ये की. लांबून काय शिकवतोस?"

त्या दिवसापासून दोघे शेजारी बसून लाकूड घासू लागले. भुवया पांढऱ्या होईपर्यंत घासायचे आणि खऱ्या विमानांबद्दल बोलायचे. थोरल्याने कॉकपिटही केलं, आत बोटभर खुर्ची ठेवली आणि वरून पारदर्शक झाकण कायमचं चिकटवून टाकलं.

तोल बघायची रीत सोपी असते. दोन्ही पंखांखाली एकेक बोट टेकवून विमान उचलायचं; ते आडवं स्थिर राहिलं की झालं. घरी ते पट्टीसारखं सरळ राहिलं. सकाळी गावाबाहेरच्या माळावर नेऊन धाकट्याने तसंच उचललं, तर नाक खाली गेलं.

"घरी काय बघितलंस?"

"बॅटरी सरकली असेल." थोरल्याने बॅटरी तपासली. ती जागच्या जागी होती. त्याने ती थोडी मागे घेतली. संध्याकाळी घरी बघितलं तर शेपटी खाली. बॅटरी पुन्हा पुढे. दुसऱ्या खेपेला माळावर पुन्हा नाक खाली. थोरला मनात म्हणाला, हवेत दमटपणा असेल, लाकूड पाणी पीत असेल. स्वतःलाच ते पटलं नाही. पाणी काय फक्त नाकानेच प्यायचं?

तरी उडवलं. दोन रिमोट तारेने जोडलेले होते. मुख्य रिमोट धाकट्याकडे, शिकाऊ थोरल्याकडे. धाकट्याने बटण दाबून धरलं की विमान थोरल्याच्या हातात. बटण सोडलं की धाकट्याच्या. विमान छान वर चढलं. पिवळे पंख उन्हात वळले आणि धाकटा कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसला.

उतरवताना थोरल्याची गाळण उडाली. वारा आडवा होता, विमान वेगात झाडांकडे निघालं. त्याने दोन्ही अंगठे उचलले आणि तो ओरडला, "घे रे बाबा, तूच घे!"

विमान वळलं. मोटरचा आवाज हळूहळू खाली आला. वाऱ्याच्या तोंडावर येऊन त्याने जमिनीलगत नाक जरासं उचललं आणि गवतावर अलगद टेकलं.

"याला म्हणतात हात!" थोरला म्हणाला. "विसरला नाहीस."

धाकटा वळून त्याच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, मी बटण सोडलंच नाही."

"म्हणजे?"

"विमान कडेला गेलं आणि मला दिसेनासं झालं. शोधत होतो. तू ओरडलास ते वाऱ्यात कळलं नाही. मला वाटलं, तूच उतरवतोयस."

त्याचं बोट अजून बटणावरच होतं. थोरल्याने आपल्या रिमोटकडे बघितलं. मोटरचा वेग ठरवणारी काडी पूर्ण वर होती. ती कोणी खाली ओढलीच नव्हती.

घरी जेवताना बायकोने विचारलं, "पडलं का?"

"नाही," थोरला म्हणाला. "फार चांगलं उतरलं."

पुढच्या सुट्टीपर्यंत त्याने डोकं लढवलं. तार सैल असेल, रेडिओत दुसऱ्या कुणाचा संदेश घुसला असेल. मग रेडिओच नको. त्याने आतून बॅटरी काढली, रेडिओ काढला, त्यांच्या वजनाइतकी माती थापली. शेपटीचे हलणारे भाग चिकटपट्टीने पक्के केले.

"आता हा नुसता लाकडाचा तुकडा आहे," तो भावाला म्हणाला. "टेकडीवरून सोडला की सरळ जाऊन खाली पडणार. बघायचंय?"

"तू सोड," धाकटा म्हणाला. "मी बघतो."

नाक पुन्हा खाली झुकलं होतं. थोरल्याने तशाच विमानाला उतारावरून ढकललं.

ते सरळ गेलं. मग डावीकडे कललं आणि वर चढलं. माळाला मोठा फेरा घालून परत आलं तेव्हा इतकं जवळून गेलं की वाऱ्याची शिटी कानाला लागली. थोरला झटकन खाली वाकला. धाकटा मात्र मान वळवत वळवत एकटक बघत होता. त्याने एकदाही विमान नजरेतून सुटू दिलं नाही.

"घाई नाही त्याला," तो हळूच म्हणाला.

विमान त्यांच्या पायांशी येऊन थांबलं.

चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

थोरल्याने खिशातली सुरी काढली आणि झाकणाचा जोड कापला. खुर्ची ठीक होती. पण खुर्चीपुढच्या मऊ लाकडात, त्याने स्वतः घासून गुळगुळीत केलेल्या तळावर, दोन बारीक खळगे पडले होते. त्याने दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. खळगे गोलसर होते, मागच्या बाजूला खोल.

धाकट्याने भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं.

"टाचा," तो म्हणाला. "पायांनी शेपटी वळवताना टाचा अशाच टेकतात."

काहीतरी करायचं म्हणून थोरल्याने दोन बोटांवर विमान उचललं. माळावर पहिल्यांदाच ते सरळ राहिलं. कुठेही झुकेना.

"चल," तो घाईने म्हणाला. "जाऊ या."

पंख सोडवून त्यांनी सगळं डिकीत ठेवलं. धाकटा पुढे बसला, पट्टा लावला. थोरल्याने गाडी सुरू केली. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चांगली वर्दळ. हायसं वाटावं असं सगळं.

इतक्यात गाडी टिकटिकायला लागली. समोर लाल दिवा लुकलुकत होता: मागच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

थोरल्याने आरशात बघितलं. सीट रिकामी होती.

"बिघडलंय काहीतरी," तो म्हणाला.

धाकट्याला मागचं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. तसा तो वळला आणि सीटकडे बघत राहिला. मग त्याने हात लांब करून मागचा पट्टा सावकाश ओढला आणि खटक्यात अडकवला.

टिकटिक थांबली.

थोरल्याने गाडी पुढे काढली. आरशात बघायचं नाही असं ठरवूनही त्याने बघितलंच. पट्टा सीटला टेकला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, ताणून उभा होता.