कोपऱ्यातला वाफा

ऐका, ही भर दुपारची गोष्ट आहे. मे महिन्यात आमच्या वस्तीत बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरोघरी कूलरची घरघर, बाकी सगळं मेल्यासारखं.

आमच्या नव्या घराचा स्लॅब नुकताच टाकला होता. त्याची तराई, म्हणजे त्याला ओलं ठेवायचं काम, माझ्याकडे. चंपतराव मिस्त्रींनी वर शेतासारखे छोटे छोटे वाफे बांधून त्यात पाणी भरलं आणि मला बजावलं, "पोरी, हे पाणी आटू देऊ नको. ह्या उन्हात एकडाव सुकला, का स्लॅब तडकलाच समज."

मला झोप येईना. मागच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली माझी तान्ही उन्नती इतकी तापली, की दवाखान्यात ठेवावी लागली. हे छत तिच्यासाठीच होतं. माझे मालक धम्मानंद मिहानच्या कंपनीत ड्युटीवर गेले, की तिला खाली झोळीत निजवून मी बादल्या वर न्यायची.

त्या दुपारी पाहते तर सगळे वाफे भरलेले, कोपऱ्यातला एकच कोरडा. बादली ओतली. पाणी गेलं. दुसरी ओतली, तीही गेली. तडा गेला की काय, म्हणून धावत खाली आले. स्लॅबला टेकू दिलेल्या बल्ल्यांमधून वाकून पाहिलं. सेंट्रिंगच्या पाट्या कोरड्याठक्क. एक थेंब नाही.

मग पाणी जात कुठं होतं?

पुन्हा वर आले. ओल्या सिमेंटचा वास एकदम दाट झाला होता. कूलरची घरघर थांबल्यासारखी झाली. मी तिसरी बादली ओतली आणि त्या वाफ्यातून आवाज आला... गट... गट... पाण्यावर ओठ टेकल्यासारखा खळगा पडला होता.

"कोण... कोण हाय?"

आवाज थांबला. मग अगदी माझ्या कानाशी, सुकलेल्या घशातून बाईचा आवाज...

"पाणी... दे वं..."

मी पळणारच होते. तेवढ्यात खाली उन्नती रडली. काय झालं कोण जाणे, मला असा संताप आला!

"माह्या लेकीच्या छताचं पाणी काहून पिऊन राहिली तू? तहान लागली तर मांग ना! तुह्यासाठी माठ भरून ठेवीन. पण वाफ्याले तोंड लावलं, तर याद राख!"

खाली जाऊन मी माठ भरून आणला आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी माठ कोरडा, वाफा काठोकाठ! मग रोज तेच. ह्यांना सांगितलं, तर हसले. "ऊन लागलं तुले. कांदा ठेवत जा जवळ."

सेंट्रिंग काढली त्या दिवशी चंपतरावांनी हातोडीनं स्लॅब ठोकून पाहिला. खणखणीत! केसाएवढी चीर नाही.

"धम्मानंद, अशी तराई माही माणसं नाही करत गा. हिले माह्या कामावर पाठव."

"परवडणार नाही तुम्हाले," हे म्हणाले.

मी हसले आणि उन्नतीला दोन्ही हातांनी उंच धरलं. "पाह्य वं, तुह्यं छत!"

आता त्याच छताखाली तिची झोळी आहे. एवढ्या उन्हात पोरीला साधी कणकणही आली नाही. फक्त दुपारी ती झोपेत तोंड उघडते, आणि कोरड्या छतातून एक गार थेंब नेमका तिच्या जिभेवर पडतो.

परवा मी झोळी दुसऱ्या खोलीत बांधली.

थेंबही तिथं आला.