साडेसातशे ग्रॅम

तलवारबाजीतल्या एपी या प्रकारात तलवारीच्या टोकाला हरभऱ्याएवढं बटण असतं आणि ते जेमतेम दीड मिलिमीटर आत जातं. त्याखालच्या स्प्रिंगला साडेसातशे ग्रॅम वजन वर ढकलता आलं पाहिजे. त्याहून जास्त जोर लागला, तरच दिवा लागावा आणि गुण मिळावा.

सगळे जिला टाचणी म्हणत, तिने आपल्या तलवारीचं बटण अंगठ्याने हळूच दाबलं. लोण्यात बोट जावं तसं ते आत गेलं. कालच्या सरावातही असंच गेलं होतं.

तिने पटकन अंगठा काढून घेतला. अंतिम सामना तेरा-चौदावर अडला होता. समोरची लंबू एका गुणाने पुढे होती आणि पंधरा गुण आधी करणारी जिंकणार होती. सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी एकाच मुलीची निवड व्हायची होती. पुढच्या वर्षी टाचणी या वयोगटातून बाहेर पडणार होती. दुसरी तलवार सकाळीच मोडली होती, त्यामुळे बदलायलाही काही उरलं नव्हतं.

एक मिनिटाच्या विश्रांतीत तिचे दोन दोस्त धावत आले. नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला तो वकील, आणि वाण्याचा गोलमटोल मुलगा भोपळा.

"टाचणे, लंबूच्या तलवारीत गडबड आहे," वकील कुजबुजला. "तुझ्या बाहीला नुसती सुरकुती पडली, तरी तिचा दिवा लागला. एपीत अंगावर कुठेही टोचलं तरी चालतं, पण टोचायला तर पाहिजे ना?"

"सामन्याआधी वजन ठेवून तपासली होती की," टाचणी म्हणाली.

"ते वजनच खोटं आहे," भोपळा म्हणाला. "सकाळी मी ते हातात घेतलं होतं. अर्धा किलो आणि पाऊण किलो यातला फरक मला कळला नाही, तर बाबा मला गल्ल्यावर बसू देतील का?"

"जाऊ दे रे. आता कशाला?"

"कशाला म्हणजे? ती फुकटचे गुण खातेय तुझे. उपाहारगृहात काटा आहे, आलोच मी."

"भोपळ्या, थांब!" पण तो गेलाही होता.

पंचबाईंनी हाक मारली. दोघी पुन्हा चौदा मीटरच्या पट्टीवर उभ्या राहिल्या. लंबू झेपावली, टाचणी मागे सरली आणि तिचं टोक लंबूच्या मनगटाशी कापडाला घासून गेलं. हाताला काही लागल्याचं जाणवलं नाही. तिचा दिवा मात्र लख्ख पेटला.

चौदा-चौदा. वकिलाने टाळ्या पिटल्या. टाचणीने मुखवट्याआडून आपल्या तलवारीच्या टोकाकडे पाहिलं.

एवढ्यात भोपळा काटा पोटाशी धरून दारातून आत आला. "मॅडम, एक मिनिट. हे वजन जरा यावर ठेवता का?"

"हा काय बाजार आहे?" दुरुस्तीवाले काका उखडले. "वीस वर्षं तलवारी तपासतोय मी."

"काका, ठेवायला काय जातं?" वकील शांतपणे म्हणाला.

पंचबाईंनी वजन ठेवलं. काटा पाचशेवर थांबला.

काकांनी वजनावरची चिकटपट्टी सोलली आणि त्यांचा चेहराच उतरला. फॉइल नावाच्या हलक्या तलवारीच्या तपासणीचं वजन होतं ते. निसटू नये म्हणून काकांनीच त्याला पट्टी गुंडाळली होती. त्याने ते दुसऱ्या वजनाएवढंच जाड झालं आणि घाईत हातात हेच आलं.

खरं वजन आणलं. लंबूची तलवार टोक वर करून धरली, बटण दाबलं, दिवा लागला आणि वर वजन ठेवलं. स्प्रिंगने ते उचलून दिवा विझायला हवा होता. विझला नाही. लंबूला पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद मिळाली, आणि तिने दुसरी तलवार घेतली. ती मात्र चोख निघाली.

"शाबास रे पोरांनो," काका खाली मान घालून म्हणाले. "माझी चूक तुम्ही पकडलीत."

टाचणीला शिकवणाऱ्या सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "खिलाडूपणा म्हणतात तो हाच. अन्याय होत असताना तू एका शब्दाने तक्रार केली नाहीस."

त्या हाताचं वजन साडेसातशे ग्रॅमहून कितीतरी जास्त होतं.

"हिचीही बघायची का?" पंचबाईंनी घड्याळ पाहत विचारलं.

"हिची कशाला? नुकसान तर हिचंच झालंय," सर म्हणाले. "उशीर होतोय, चालू करा."

टाचणीने मनात हिशेब मांडला. पहिल्याच फेरीत तिने लंबूकडे पाठ फिरवली होती, तेव्हा तिला पिवळं कार्ड मिळालं होतं. आता तलवार सदोष निघाली, तर दुसरी चूक म्हणून लाल. लाल कार्ड म्हणजे समोरचीला एक गुण. लंबूचा पंधरावा.

लंबू नव्या तलवारीने नमस्कार करत होती. तिचे डोळे लाल झाले होते. तिला तरी कुठे माहीत होतं?

"तयार?" पंचबाईंनी विचारलं.

"नाही," टाचणी म्हणाली.

वकिलाने एकदम वर पाहिलं. त्याला नियम पाठ होता. तो ओठ हलवून, आवाज न काढता, नको नको म्हणत होता.

टाचणीने मुखवटा काढला आणि तलवार आडवी धरून पंचबाईंपुढे केली.

"मॅडम, माझीही तपासा. माझ्या तलवारीची स्प्रिंग ढिली आहे. मला हे कालपासून माहीत आहे."